हरलेल्या बाजूचे लाड

यंदा चवथीला गोव्यात, फोंड्याच्या घरी होतो. आरत्या आटोपून पंगती उठल्या, जुनी मित्रमंडळी सोप्यावर बसली आणि विषय निघाला तो ‘फायरफ्लाय’ या अमेरिकी विज्ञानकथा-मालिकेचा. पंधराएक वर्षांपूर्वी आम्ही सगळ्यांनी एकाच डीव्हीडी संचावर ती पाहिली होती; आता माझ्या भाचीने ती पाहायला घ्यावी की नाही, यावरून दोन तट पडले. मालिकेचे कर्ते जॉस वीडन यांच्याबद्दल त्यांच्याच अभिनेत्रींनी जे सांगितले, ते वाचल्यावर त्यांचे काहीही पाहू नये, असे एकाचे म्हणणे. माणूस वेगळा आणि कृती वेगळी, हे दुसऱ्याचे. मध्यरात्रीपर्यंत वाद चालला आणि मी, स्वभावाविरुद्ध, जवळजवळ गप्प राहिलो. इंग्लंडात, स्विंडनला परतल्यावर मात्र मनात जे घोळत राहिले, ते दोन्ही तटांच्या बाहेरचे आहे.

ज्यांनी ही मालिका पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. सप्टेंबर २००२ मध्ये फॉक्स वाहिनीवर ती सुरू झाली आणि डिसेंबरात बंद पडली. चौदा भाग तयार होते, त्यांतले अकराच तेव्हा दाखवले गेले, तेही उलटसुलट क्रमाने. ज्या दोन तासांच्या भागाने कथा सुरू होते, तो वाहिनीने सर्वांत शेवटी दाखवला. पुढच्या वर्षी निघालेला डीव्हीडी संच इतका खपला की युनिव्हर्सल स्टुडिओने २००५ मध्ये ‘सेरेनिटी’ हा चित्रपट काढून कथा पुढे नेली. त्याला सुमारे चार कोटी डॉलर खर्च आला, जगभरातून उत्पन्नही साधारण तेवढेच झाले, आणि तिथे गाडी थांबली. कथेचा नायक कॅप्टन माल्कम रेनल्ड्स हा मध्यवर्ती सत्तेविरुद्धच्या युद्धात हरलेल्या स्वातंत्र्यवाद्यांपैकी एक. त्यांच्या तपकिरी कोटांवरून चाहते स्वतःला ‘ब्राउनकोट’ म्हणवून घेऊ लागले. वाहिनीने मालिका मारली, म्हणजे आपणही हरलेल्या बाजूचे, हा त्यातला भाव होता.

हा भाव आम्हा फोंडेकरांना शिकवावा लागला नाही. माझे आजोबा विलीनीकरणवादी, म्हणजे गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा या मताचे. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात त्यांनी विलीनीकरणाची खूण असलेल्या फुलावर शिक्का मारला आणि फूल ३४,०२१ मतांनी हरले. पुढची कित्येक वर्षे हा आकडा घरात देवघरातल्या श्लोकासारखा ऐकू यायचा. जिंकलेल्यांनी काय काय लबाड्या केल्या याची यादी आम्हा मुलांना पाठ होती; महाराष्ट्रात गेलो असतो तर आपले नेमके काय झाले असते, हा प्रश्न मात्र कोणी काढत नसे. हरलेल्या माणसाला एक सवलत आपोआप मिळते: त्याच्या स्वप्नाचा हिशेब कोणी मागत नाही.

मला हे कळले ते स्विंडनमध्ये. गोदामात माझ्याबरोबर रात्रपाळी करणारा एक सहकारी सासष्टीचा, त्याच्या आजोबांचा शिक्का दोन पानांवर, म्हणजे गोवा वेगळा राहावा या बाजूच्या खुणेवर. त्यांच्या घरात त्या दिवसांत कसली धास्ती होती, हे त्याने पहाटेच्या चहाच्या सुट्टीत सांगितले, तेव्हा माझ्या वयाची चाळिशी उलटली होती. फोंडा आणि मडगाव यांच्यात वीस किलोमीटरही नसतील, पण ती गोष्ट ऐकायला मला इंग्लंडात यावे लागले.

वीडन यांच्या बाबतीत आम्हा चाहत्यांचे असेच झाले, असे मला वाटते. वाहिनीने त्यांच्यावर अन्याय केला हे खरेच होते, आणि त्या एका खरेपणाच्या बळावर आम्ही त्यांना संत करून टाकले. त्यात त्यांची ख्याती बळकट स्त्री-व्यक्तिरेखांचा लेखक अशी. चाहत्यांनी २००६ पासून ठिकठिकाणी ‘सेरेनिटी’चे खेळ लावून त्यांचे उत्पन्न ‘इक्वॅलिटी नाउ’ या स्त्रियांच्या हक्कांसाठी झटणाऱ्या संस्थेला दिले. उपक्रम चांगलाच होता. त्यात आपलीही पाठ थोपटून घेण्याची सोय होती, इतकेच. मग फेब्रुवारी २०२१ मध्ये करिस्मा कार्पेंटर या अभिनेत्रीने वीडन यांच्या आधीच्या मालिकांतला आपला अनुभव, विशेषतः गरोदरपणात मिळालेली वागणूक, जाहीरपणे मांडली आणि इतर काही जणींनी तिला दुजोरा दिला. पुढच्या जानेवारीत वीडन यांनी एका मुलाखतीत काही गोष्टी मान्य केल्या, बऱ्याच नाकारल्या. आम्हा जुन्या चाहत्यांपैकी अनेकांची पहिली प्रतिक्रिया काय होती? ‘इतकी वर्षे गप्प का बसल्या?’ मीही हे म्हटले होते, सोप्यावर त्या रात्री माझ्या गप्पपणाचे ते एक कारण.

आता ‘सेरेनिटी’ची गोष्ट आठवून पाहावी. सरकारने मिरांडा नावाच्या ग्रहावर लोकांना शांत करणारा वायू सोडला, बहुतेक लोक निपचित पडून मेले, उरलेले हिंस्र झाले, आणि हे सारे दडपले गेले. ते जगाला कळते कशावरून? त्या ग्रहावर मरण्यापूर्वी एका स्त्रीने नोंदवून ठेवलेल्या साक्षीवरून. ती वर्षानुवर्षे धूळ खात पडली होती, एवढ्यावरून कॅप्टन तिच्यावर संशय घेत नाही. ती सर्वांपर्यंत पोचवण्यासाठी तो जीव धोक्यात घालतो. चित्रपटाचा सगळा डोलारा या उशिरा ऐकल्या गेलेल्या साक्षीवर उभा आहे. ज्याने तो पाहताना टाळ्या वाजवल्या, त्याला ‘इतकी वर्षे गप्प का’ हे विचारण्याचा हक्क फारसा उरत नाही. म्हणून कृती आणि कर्ता वेगळे, हे आमच्या दुसऱ्या मित्राचे म्हणणे मला पटत नाही. इथे कृतीच कर्त्याविरुद्ध साक्ष देते. आणि नेमके त्याच कारणासाठी मला, ती पाहू नये हे पहिल्याचे म्हणणेही पटत नाही.

आणखी एक गोष्ट फोंड्याला कोणाच्या बोलण्यात आली नाही, आणि इथे आल्याशिवाय मलाही दिसली नव्हती. कथेतले सन २५१७ चे जग इंग्रजी आणि चिनी संस्कृतींच्या संगमातून घडलेले आहे. सगळे जण चिनीत शिव्या घालतात, पाट्यांवर चिनी लिपी दिसते. मात्र जहाजावरच्या नऊ जणांत चिनी वंशाचा एकही नाही. ‘टॅम’ या चिनी वाटणाऱ्या आडनावाची भावंडेही गोऱ्या नटांनी साकारली आहेत. पूर्वी त्या शिव्यांची मला गंमत वाटायची. आता ज्या गावात समोशाचे दुकान सर्वांना हवे असते आणि समोसेवाल्याचे शेजारी होणे सर्वांना रुचतेच असे नाही, अशा गावात राहताना ती गंमत थोडी खारट लागते.

भाचीला मी परवा फोनवर सांगितले की मालिका पाहा, पण वाहिनीच्या क्रमाने नव्हे. दोन तासांचा मूळ भाग आधी घे. त्याची सुरुवातच एका हरलेल्या लढाईने होते. त्यानंतर कार्पेंटरबाईंचे निवेदन वाच, मग चित्रपट लाव. तिने विचारले, “मामा, आणि आवडली तर?” म्हटले, तर चवथीला सोप्यावर मी या खेपेस गप्प बसणार नाही.