दिवे कुणी लावायचे?

डिसेंबर 2023 च्या नागपूर अधिवेशनात सारथीच्या, म्हणजे मराठा-कुणबी विद्यार्थ्यांसाठीच्या सरकारी संस्थेच्या, फेलोशिपचा विषय निघाला, तेव्हा तत्कालीन उपमुख्यमंत्र्यांनी विचारलं होतं, पीएच.डी. करून काय दिवे लावणार? गदारोळ झाला, विषय मागे पडला, वाक्य मात्र टिकून राहिलं. परवा आमच्या चेंबूरच्या शाळेच्या ग्रुपवर ते पुन्हा आलं. झोपडपट्टी, जात, बायका यांवर प्रबंध लिहून कुणाचं भलं झालं, बंद करा हे लाड. मी उत्तर दिलं तर एक मैत्रीण म्हणाली, "अगं, तू लंडनला बसून सांगू नकोस."

लंडनला बसूनच सांगते. चार्ल्स बूथ या समाजसंशोधकाने इथली गरिबी मोजायला 1886 मध्ये घेतली. त्याने लावून धरलेली म्हातारपणाची पेन्शन कायद्यात यायला 1908 उजाडलं. त्याचे कागद ज्या लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये (एलएसईत) जपलेत, तिथूनच बाबासाहेबांनी 1923 मध्ये डी.एस्सी. मिळवली. त्याआधी 1913 मध्ये ते कोलंबियाला गेले ते सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर. मी काम करते त्या पूर्व लंडनच्या न्यूहॅम काउन्सिलमध्ये, म्हणजे इथल्या पालिकेत, आजही आयएमडीचे, म्हणजे वस्तीवार वंचितता मोजणाऱ्या सरकारी निर्देशांकाचे, आकडे जोडल्याशिवाय ग्रँटचा कागद हलत नाही.

आणि मुंबईतच दिवे बघायचे तर मुलांसाठीचा 1098 हा हेल्पलाइन नंबर घ्या. 1996 मध्ये देवनारच्या टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसच्या प्रकल्पातून तो सुरू झाला. मार खाऊन पोलिसांकडे आलेल्या बाईला तिथेच समाजकार्यकर्ती भेटावी म्हणून 1984 मध्ये निघालेला स्पेशल सेलही त्याच संस्थेचा.

देवनारला त्याच संस्थेत शिकत असताना मी गोवंडीच्या बैंगनवाडी वस्तीत सर्व्हे करायचे. एक बाई निळ्या ड्रममध्ये पाइप धरून उभी होती. मी 'पाणी कुठून भरता' या रकान्यापाशी आले, तशी पाइपवरची नजर न काढता म्हणाली, "लिवून न्या. मागच्या वर्षी पन नेलं. नळ कधी देताय?"

ती विचारू शकते. तिचा तो हक्कच आहे. सरकारात बसलेल्यांनी हाच प्रश्न विद्यार्थ्याला विचारायचा नसतो. महापालिकेच्याच 2009 च्या मानव विकास अहवालात गोवंडी-मानखुर्दचा एम-पूर्व विभाग शहरात तळाला होता. मोजून झालं होतं. नळ टाकणं काही विद्यार्थ्याच्या हातात नव्हतं.

मैत्रिणीचं बोलणं लागलं, कारण त्या गल्लीत जे शिकले ते मी आज न्यूहॅमसाठी वापरते. इथे माझे अहवाल वाचले जातात, पगार वेळेवर होतो, आणि रात्री मी फोनवर गोवंडीच्या बातम्या शोधत बसते. इतकी वर्षं झाली, न्यूहॅमबद्दल बोलताना तोंडून 'आपल्याकडे' निघत नाही. चेंबूरबद्दल निघतं, तर ग्रुपवर कुणीतरी अडवतं.

2023 मध्येच बार्टीची, म्हणजे अनुसूचित जातींसाठीच्या सरकारी संशोधन संस्थेची, मुलं फेलोशिपसाठी आझाद मैदानात बसली होती. पाण्याच्या रांगेतल्या बाईला काय विचारायचं, हे त्यांतल्या कित्येकांना घरूनच माहीत असतं. त्यांचे पैसे दर महिन्याला खात्यात पडू द्या. आणि प्रबंध पुरा झाला की ज्या सरकारी खात्याचा विषय असेल, त्या खात्याने तो वाचून लेखी उत्तर द्यावं.