सेकंदाला एक टाका

माझ्या शिवणाच्या टेबलावरची स्टीलची पट्टी मी परवापासून कपाटात ठेवली आहे. कुलूप लावून.

झालं एवढंच. एका गिऱ्हाईक ताईंची गोधडी तयार होती, त्या ती न्यायला आल्या. घडी उलगडली, गालाला लावली, "किती मऊ हो!" म्हणाल्या. प्रकरण इथेच मिटायचं. पण सोबत त्यांचे यजमान होते. ते केवळ गाडी चालवायला आले होते, आणि रिकाम्या माणसासमोर आठ इंची पट्टीसुद्धा ठेवू नये, माझी तर बारा इंची होती.

गृहस्थ उठले. मोबाइलचा टॉर्च लावला आणि पंचनाम्याला आल्यासारखे गोधडीवर वाकले.

"मॅडम, हे हाताचं आहे?"

"हो."

"वाटत नाही. फार सरळ आहे."

ओळ सरळ यावी म्हणून मी कित्येक वर्षं डोळे फोडले, त्याचं हे फळ. तरी मी समजावायला गेले. म्हटलं, मशीनच्या शिलाईत वरचा आणि खालचा असे दोन दोरे एकमेकांत अडकतात, म्हणून रेघ अखंड दिसते. हाताच्या धावदोऱ्यात एकच दोरा खालीवर करतो. एक टाका, मग थोडी मोकळी जागा, पुन्हा टाका.

"म्हणजे मधेमधे सोडून दिलंय?"

मी हसले. हसायला नको होतं. पुरावा म्हणून एका कोपऱ्यात माझी ओळ जराशी भरकटली होती, ती मीच दाखवली. "हे बघा, मशीन असं करत नाही."

"अच्छा! म्हणजे इथे चुकलंय."

"चुकलंय?" ताईंनी गालावरची गोधडी खाली घेतली.

दोन मिनिटांत माझी गोधडी सरळ म्हणून हाताची उरली नाही आणि वाकडी म्हणून पैशाची उरली नाही.

अमेरिकेत अलाबामा राज्यात जीज बेंड नावाची एक वस्ती आहे. तिथल्या कृष्णवर्णीय बायका कामावरच्या जुन्या, विटक्या कपड्यांचे तुकडे जोडून गोधड्या शिवत आल्या. पट्ट्या तिरक्या, चौकोन कलंडलेले. २००२ मध्ये त्या गोधड्या आधी ह्यूस्टनच्या कला संग्रहालयात आणि मग न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियममध्ये भिंतीवर लागल्या आणि समीक्षकांनी त्यांची तुलना आधुनिक चित्रकलेशी केली. २००६ मध्ये अमेरिकेच्या टपाल खात्याने त्यांची तिकिटं काढली. हे सगळं मला तोंडपाठ आहे. ऐन वेळी मात्र मी म्हणाले, "कोपरा दाबून घेते हवं तर."

आता पट्टी यजमानांच्या हातात होती. एका इंचात आठ टाके. गोधडी नव्वद इंच लांब, साठ इंच रुंद, दर इंचाला एक ओळ. मोबाइलवर बोटं फिरली. "साठ ओळी गुणिले नव्वद, गुणिले आठ. त्रेचाळीस हजार दोनशे टाके." मी क्षणभर हरखले. इतकी वर्षं शिवते, माझे टाके कोणी मोजले नव्हते. मग ते म्हणाले, "सेकंदाला एक टाका धरू. बरोबर बारा तास." आणि माझ्याकडे बघून, अगदी मायेने, "तुम्हाला चार महिने का लागले?"

मी आकडेमोडीत कच्ची आहे. मनात ताळा करून पाहिला आणि मेला खरंच बारा येत होता.

त्या बारा तासांत सुई ओवणं कुठे बसतं, हे मला रात्री अंथरुणात सुचलं. दोरा हातभरच घ्यायचा, लांब घेतला की पीळ पडून गुंता होतो. जाड थरांतून वरखाली करत हातभर दोरा जेमतेम फूटभर ओळीला पुरतो. म्हणजे एका गोधडीला साडेचारशे वेळा सुई ओवायची, आणि नऊशे टोकं आतल्या थरात लपवायची. त्याआधी नवं सुती कापड धुऊन आटवायचं, तुकडे जुळवायचे, वरचं कापड, मधला कापूस आणि अस्तर जमिनीवर ताणून कच्चा टाका घालायचा. आणि शिवायला सुरुवात मधूनच करायची. कडेपासून निघालात तर शेवटी गोधडीला मधोमध पोट सुटतं. हे मला तोंडावर सांगता आलं नाही याचा राग त्यांच्यापेक्षा मला माझाच जास्त आहे. नाही, त्यांचाच जास्त आहे.

घरच्यांचं निराळंच. "तुझ्याकडे चिंध्या पडलेल्याच असतात" असं म्हणून सगळे गोधडी मागतात, जणू चिंध्या रात्री आपापल्या उठून एकमेकींना चिकटतात. मावशीने तिची गोधडी प्लॅस्टिकच्या पिशवीत माळ्यावर ठेवली आहे, "वापरवत नाही गं", आणि झोपते बाजारच्या ब्लँकेटात. मावसभावाने घर बदलताना त्याच्या गोधडीत फ्रिज गुंडाळला. वर कौतुक: "एक ओरखडा नाही आला बघ!" फ्रिजला.

तर काल मी मोबाइलवर वेळ लावून एक ओळ शिवली. ओवणं, गाठी, सगळं धरून. मध्ये बोटाला सुई लागली, कापडावर रक्ताचा ठिपका पडला. तो लगेच आपल्याच थुंकीने पुसला की निघतो, तेवढाही वेळ धरला. नव्वद इंचांची एक ओळ, पन्नास मिनिटं. साठ ओळी म्हणजे नुसत्या शिवणाचे पन्नास तास. बारा नव्हे!

न राहवून ताईंना मेसेज केला: "साहेबांना सांगा, पन्नास तास लागतात. मोजून बघितलं."

पाच मिनिटांनी उत्तर आलं: "हे विचारतायत, मग बाकीचे चार महिने काय करत होता?"