खातं उणे गेलं तरी चालेल, पण मागा!

देवाणघेवाण गटात, म्हणजे रोख पैसे न देता एकमेकांची कामं करणाऱ्या लोकांच्या गटात, सामील झाल्यापासून एक गोष्ट सतत जाणवतेय, म्हणून जरा सविस्तर लिहितेय. लोकांना देणं जड जात नाही, मागणं जड जातं. असे गट थंडावतात ते फुकट्यांमुळे कमी आणि न मागणाऱ्यांमुळे जास्त, असं माझं स्पष्ट मत झालं आहे.

ज्यांना कल्पना नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. नव्या सभासदाचं खातं शून्यावर उघडतं. मी तुमचं काम केलं की माझ्या खात्यात जमा, तुमच्या खात्यात तितकंच नावे, म्हणजे वजा. नंतर तुम्ही मलाच परतफेड करायची असं नाही, गटातल्या कुणाचंही काम केलं तरी चालतं. व्याज नाही. कॅनडातल्या कोमॉक्स खोऱ्यात मायकेल लिंटन यांनी १९८३ साली 'लेट्स' (स्थानिक देवाणघेवाण व्यवस्था) या नावाने ही पद्धत सुरू केली. लोकांच्या अंगात कसब होतं, गरजाही होत्या, पण हातात रोकड नव्हती. मग नोंदवहीनेच रोकडीचं काम केलं.

आता यातला हिशेब बघा. सगळ्यांच्या शिलकांची बेरीज कधीही केली तरी शून्यच येते. म्हणजे कुणीतरी उणे असल्याशिवाय दुसरा कुणी जमेत असूच शकत नाही. तरीही खातं उणे दिसलं की माणसं कर्ज झाल्यासारखी कासावीस होतात.

आमच्या गटात सुतारकाम येणारे एक काका आहेत. माझ्या कपाटाचं दार बिजागरीतून निखळलं होतं. स्क्रूचं भोक इतकं सैल झालेलं की नवा स्क्रूही नुसता फिरायचा. काकांनी भोकात डिंक लावलेल्या काडेपेटीच्या काड्या ठोकल्या, वरच्या वर कापल्या, सुकू दिल्या आणि मग स्क्रू आवळला. दार आजही घट्ट आहे. असं त्यांनी कितीतरी जणांना दिलंय, पण स्वतः काही घ्यायला तयार नाहीत. "मला काय लागतंय?" एवढंच म्हणतात. अहो काका, तुमची शिल्लक तशीच पडून राहिली तर आम्ही ती फेडायची कशी? शेवटी त्यांच्या वडिलांची जुनी पत्रं टाइप करून द्यायला एक ताई पुढे आल्या, तेव्हा कुठे काकांच्या खात्यात पहिली नावे नोंद पडली. त्या ताई तोवर उणे होत्या, त्या वर आल्या.

वॉशिंग्टनच्या कॅपिटल हिलवर १९७० च्या दशकात हेच घडलं होतं. सुमारे दीडशे जोडपी कूपनं देऊन एकमेकांची मुलं सांभाळायची. पुढे लागतील म्हणून जो तो कूपनं साठवू लागला. सगळे मुलं सांभाळायला तयार, पण बाहेर जायला कुणीच नाही! मग कूपनं मिळवायची संधीच आटली आणि गाडं अडलं. जास्त कूपनं वाटल्यावर ते पुन्हा हललं.

म्हणून उणे जायची मोकळीक हवी, आणि तिला मर्यादाही हवी. प्रत्येकाची शिल्लक सगळ्या सभासदांना दिसली पाहिजे, याबाबत मी आग्रही आहे. अर्जेंटिनात १९९५ पासून वाढत गेलेल्या देवाणघेवाणीच्या बाजारांमध्ये नोंदवहीऐवजी छापील चिठ्ठ्या चालायच्या. २००२ च्या सुमारास बनावट चिठ्ठ्यांचा सुळसुळाट झाला आणि विश्वास उडाला. उघडी नोंदवही तेवढी सहज फसवता येत नाही.

दर कसा ठरवायचा यावर आमच्याकडे वाद होतात. वेळेच्या बँकांमध्ये, म्हणजे जिथे पैशांऐवजी कामाचे तास जमा होतात तिथे, एक तास म्हणजे एक तासच, काम कुठलंही असो. जपानमध्ये तेरुको मिझुशिमा यांनी १९७३ मध्ये याच पायावर श्रमबँक उभारली. सेवेसाठी मला हेच पटतं. वस्तूंचं मात्र दोघांनी बोलून ठरवावं, आणि सामानाचा खर्च रोख द्यावा. तो कामात मिसळला की कुरबुरी सुरू होतात.

"मला काही येत नाही" म्हणणाऱ्यांना माझं सांगणं आहे की फॉर्म भरता येणं, आजारी माणसासोबत दवाखान्यात बसणं, झाडांना पाणी घालणं हे सगळं यादीत चालतं. आमच्याकडे शिकवणी आणि टायपिंग देणारे भरपूर आहेत, नळदुरुस्ती आणि विजेची कामं करणारे कमी. येणार असाल तर काय देता येईल ते लिहाच, पण 'मला हवंय' हा रकानाही भरून आणा. तो रिकामा असेल तर मी फोन करून विचारणार आहे.