मुदतवाढ

सोसायटीच्या बोर्डावर नोटीस लागली, ‘पार्किंगमधील नादुरुस्त वाहने महिनाअखेरपर्यंत हलवावीत.’ अनेकवचन निव्वळ सभ्यतेपोटी. आमच्या पार्किंगमध्ये नादुरुस्त वाहन एकच आहे आणि ते माझं आहे. सेक्रेटरींनी मला जिन्यात गाठून ‘तुम्हाला उद्देशून नाही हं ते’ असंही सांगितलं, तेव्हा उरलीसुरली शंका फिटली.

गाडी प्रीमियर पद्मिनी, १९९१ची. मारुती येऊन तेव्हा सात वर्षं उलटून गेली होती आणि आमच्या चाळीतले सगळे शहाणे लोक मारुती घेत होते. बाबांच्या मते मारुती म्हणजे डालड्याचा डबा. शिवाय पद्मिनीची कंपनी वालचंद हिराचंदांनी काढलेली, वालचंद सोलापूरचे आणि बाबाही सोलापूरचे. विषय संपला. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली ती क्रीम रंगाची गाडी दारात आली तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. १०८९ सीसीचं इंजिन, गिअरचा दांडा स्टिअरिंगलाच, पुढं मागं झगझगीत क्रोमचे बंपर. खंबाटकी चढताना तिच्या इंजिनातला पेट्रोल पंप दरवेळी तापायचा आणि ती मधेच बसायची. मग बाबा शांतपणे उतरून पंपावर ओला पंचा टाकायचे आणि आम्ही काकडी खायचो. घाटात गाड्या काकडीसाठी थांबतात अशी माझी कितीतरी दिवस समजूत होती.

२००३ साली मला नोकरी लागली आणि माझ्या हाती पहिल्यांदाच स्वतःचे पैसे आले. त्यांचं काय करायचं हे शहाण्या माणसानं मला सांगायला हवं होतं. त्याऐवजी नाना पेठेतल्या एका मिस्त्रींनी सांगितलं. पुढच्या चार महिन्यांत पद्मिनीला अलॉय व्हील आले, डिकीत वूफर आला, मागं स्पॉयलर आला (पद्मिनीला स्पॉयलर म्हणजे आजीला गॉगल), आणि पुढं मागं फायबरचे असे काही बंपर आले, की गाडी दात काढून हसतेय असं वाटावं. त्यांत नंबर प्लेटला जागाच नव्हती. रेडियमवाल्यानं नंबर थेट फायबरवर चिकटवला. वर नारंगी रंग. हिशेबाची वही अजून आहे माझ्याकडे. तीत एक नोंद आहे, ‘जुने बंपर काढणे, रु. १५०’. रस्त्यातले लोक मागे वळून बघायचे. ते कौतुकानं बघतात असं मी बरीच वर्षं धरून चाललो होतो.

बाबा आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. नवव्या दिवशी एवढंच म्हणाले, ‘हॉर्न तरी जुना ठेवलाय का?’

ठेवला नव्हता.

दर पाच वर्षांनी पासिंग करून घ्यायचं असतं. २००६, २०११, २०१६ कसेबसे निभावले. कसे, ते विचारू नका. २०२१ला मात्र इन्स्पेक्टर साहेबांनी आरसी बुक वाचलं, गाडीकडे बघितलं, पुन्हा आरसी बुक वाचलं आणि विचारलं, ‘यातली क्रीम कलरची कुठंय?’ मग बाहेरून क्रीम रंग मारून घेतला, स्पॉयलर उतरवला, पुढच्या बंपरवर नंबरची पाटी तारेनं बांधली. दार उघडलं की आत अजून नारंगीच आहे.

इथंच थांबायला हवं होतं. पण पुढची पाच वर्षं मोकळी मिळाली, की माणसाला भलतं सुचतं. रविवारच्या जुन्या बाजारात मला वन वन एट एनईचं इंजिन दिसलं, गिअरबॉक्ससकट. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. एनई हीसुद्धा प्रीमियरचीच गाडी, पण तिच्यात निसानचं ११७१ सीसी इंजिन. ते पद्मिनीत बसवलं की पद्मिनी पळते, असं पद्मिनीवाले एकमेकांना सांगत असतात. मिस्त्रींनी कामं मोजून दाखवली: इंजिन ज्यावर बसतं ते फाउंडेशन नवीन करायचं, मागच्या चाकांकडे जाणारा प्रोपेलर शाफ्ट लेथवर कापून आणायचा आणि गिअर खालून येणार म्हणून तळाच्या पत्र्याला भोक पाडायचं. त्यांनी सुरुवात सगळ्यात सोप्या कामापासून केली. जुनं इंजिन उतरवलं, भोक पाडलं आणि त्यांच्या मुलाचं लग्न निघालं.

तेव्हापासून आमच्याकडे इंजिनं दोन आहेत आणि गाडीत एकही नाही. जुनं डिकीत आहे. निसानचं गॅलरीत. बायकोनं त्यावर टेबलक्लॉथ टाकून मनी प्लँट ठेवलाय. पाहुणे आले की मी तिकडे उभा राहतो.

नोटीस लागल्यावर घरात बैठक झाली. बायको म्हणाली, ‘ठरव एकदाचं. विक, नाहीतर कर, नाहीतर मोड.’ तीन पर्याय ऐकायला सोपे वाटतात.

विकायला गेलो तर पहिला आला तो लग्नाआधीच्या फोटोंचा धंदा करणारा मुलगा. गाडी चालत नाही याचं त्याला काहीच वाटलं नाही. ‘कपल नुसतं टेकून उभं राहतं, सर.’ पण दार उघडल्यावर नारंगी रंग बघून तो हळहळला. दुसरे एक कॅफेवाले. त्यांना गाडी निम्मी हवी होती. पुढची. तिच्या बॉनेटवर ते बिलाचं मशीन ठेवणार होते. मागच्या निम्म्याचं काय करू असं विचारलं तर म्हणाले, ‘सोफा छान होतो.’ बाबा शेजारच्या खुर्चीत पेपर वाचत होते. त्यांनी पान उलटलं नाही, पण पेपर थोडा वर घेतला.

तिसऱ्या गृहस्थांनी सल्ला दिला, विकू नका, विंटेजमध्ये नोंदवा. मी नियम वाचले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं व्हावी लागतात, म्हणजे २०४१. मी तेव्हा बासष्टचा असेन, तेही एक वेळ चालेल. पण गाडी मूळ रूपात लागते. माझ्या गाडीचं मूळ रूप वहीत आहे, खर्चाच्या बाजूला.

मोडीत काढायची चौकशी केली. भंगारवाले काका पहिल्यांदा आतून वाकून बघतात, मग दर सांगतात. त्यांनी वाकून बघितलं तेव्हा भोकातून एक मांजर त्यांच्याकडे बघत होतं. ‘हिचे पण धरायचे का?’ काका म्हणाले. सरकारमान्य केंद्रात रीतसर दिली तर प्रमाणपत्र मिळतं आणि नव्या गाडीच्या करात सूट मिळते. मी कागद काढले, अर्ज भरला, सहीपर्यंत आलो. मग लक्षात आलं की गाडी मुळात बाबांच्या नावावर आहे.

‘बाबा, सही करता?’

‘चष्मा सापडत नाहीये,’ बाबा म्हणाले. चष्मा डोळ्यांवर होता.

राहिलं ‘कर’. मिस्त्रींना फोन केला. आता त्यांचा मुलगा इलेक्ट्रिक स्कूटर दुरुस्त करतो, तरी माझं काम ऐकून ते भावुक झाले. खर्चाचा आकडा त्यांनी सांगितला नाही, ‘बघू, करून टाकू’ म्हणाले. हे वाक्य मी २००३ सालीही ऐकलं होतं. शिवाय २०२६ला पासिंग पुन्हा संपतंय आणि वीस वर्षांवरच्या कारची फी आता पाच हजारांवरून दहा झाली आहे. इंजिन बदलल्याची आरटीओत परवानगी आणि नोंद, ते निराळंच. म्हणजे कागदोपत्री गाडी चालू राहायला गाडी चालू हवी. या विचारापाशी माझं डोकं दरवेळी खंबाटकीतल्या पेट्रोल पंपासारखं तापतं.

अशात उच्च सुरक्षा नंबर प्लेटचं आलं. एप्रिल २०१९च्या आधीच्या प्रत्येक गाडीला सक्तीची, कारला ७४५ रुपये अधिक जीएसटी. सरकारनं २०२५मध्ये मुदत मार्चपासून वर्षअखेरपर्यंत इतक्या वेळा वाढवली की मला त्यात आपला माणूस दिसू लागला. सोसायटीनं सगळ्या गाड्यांचं एकत्र बुकिंग केलं आणि कुणाला काही न बोलता मी पद्मिनीचाही नंबर टाकला. गाडीचं ठरत नाही, निदान पाटीचं तरी ठरावं.

प्लेट लावायला आलेला मुलगा चटपटीत होता. त्यानं पहिल्यांदा पुढच्या काचेवर पेट्रोल गाडीचं निळं स्टिकर लावलं. बॉनेट उघडून बघायची त्याला गरज वाटली नाही. मग खाली बसला.

‘साहेब, प्लेट लावायची कुठं?’

मी बंपरकडे बोट दाखवलं. त्यानं तार सोडली, ड्रिल लावलं. बावीस वर्षं उन्हात तापलेलं फायबर. बोट टेकलं असतं तरी चाललं असतं. चर्र असा आवाज झाला, एक भेग या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली आणि गाडीचं ते दात काढणं दोन तुकडे होऊन फरशीवर पडलं.

आत गोणपाट गुंडाळलेलं होतं. मुलानं ते ओढलं. ग्रीस फासलेला, जराही न गंजलेला क्रोमचा बंपर. मधोमध पाटीसाठी कंपनीनंच पाडलेली दोन भोकं.

मी दीडशे रुपये दिले होते तो काढायला. वहीत आहे.

बाबा काठी टेकत कधी खाली आले होते कळलं नाही. त्यांनी वाकून क्रोमवरून एक बोट फिरवलं आणि ग्रीस माझ्या बाहीला पुसलं.

‘मी त्याला दोनशे दिले होते,’ ते म्हणाले, ‘काढू नको, नुसता झाक म्हणून.’

मुलानं प्लेट बसवली, कुलपं ठोकली, फोटो काढला आणि दुसरी प्लेट घेऊन मागं गेला. मीही धावत मागं गेलो आणि फायबरवर टकटक करून बघितली.

‘मागचा नाही,’ बाबा पुढूनच म्हणाले. ‘मागच्याचे तो तीनशे मागत होता.’