‘तासाभरात दोन्ही बॅटऱ्या संपल्या’ या अभिप्रायास दुकानाकडून उत्तर

सप्रेम नमस्कार.

गोव्यातील फोंड्याच्या शिगमोच्या, म्हणजे होळीच्या सणाच्या, मिरवणुकीसाठी आपण आमच्या दुकानातून सोनी ए6400 हा कॅमेरा दोन बॅटऱ्यांसह एका दिवसाच्या भाड्याने नेला आणि ढोल-ताशांवर नाचत जाणारा रोमटामेळ ऐन रंगात आला असताना तो बंद पडला, याबद्दल मी आपली मनःपूर्वक क्षमा मागतो. ‘मेलेल्या बॅटऱ्या गळ्यात मारल्या, तासाभरात दोन्ही संपल्या, पर्यटक दिसला की लुटायचे’ असे आपण लिहिले असून एक तारा दिला आहे. एवढ्या लांबून येऊन चित्ररथ हातचे गेले म्हणजे माणसाला राग येणारच, त्यामुळे लुटण्याविषयीच्या वाक्यावर मी काही बोलत नाही. ‘तासाभरात’ या शब्दाविषयी मात्र सविस्तर लिहिणे मला भाग आहे, कारण उद्या कॅमेरा न्यायला निघालेला माणूस तेवढाच शब्द वाचून परस्पर दुसरीकडे जाईल.

पावतीवर कॅमेरा नेल्याची वेळ दुपारी साडेतीनची आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी आपली छायाचित्रे मीच दुकानातल्या संगणकावरून आपल्याला उतरवून दिली, तेव्हा आपण शेजारच्या खुर्चीवर बसून चहा घेत होता. कार्डातील पहिले छायाचित्र 4 वाजून 20 मिनिटांचे होते आणि शेवटचे 8 वाजून 5 मिनिटांचे, म्हणजे मधले अंतर पावणेचार तासांचे. त्या अवधीत 612 छायाचित्रे निघाली होती आणि त्याशिवाय फोरके चित्रफितींचे 38 तुकडे होते. घोडेमोडणीचे, म्हणजे कमरेला लाकडी घोडा बांधून केलेल्या नाचाचे, आपले दोन फोटो तर इतके उत्तम आले होते की मी ते दुकानातल्या मुलांना बोलावून दाखवले, हे आपल्याला आठवत असेल.

आता हा आकडा कमी की जास्त, ते सांगतो. या कॅमेऱ्यात एका पूर्ण भरलेल्या बॅटरीवर मागच्या पडद्यावर पाहून सुमारे 410 आणि डोळा लावायच्या व्ह्यूफाइंडरमधून पाहून सुमारे 360 छायाचित्रे निघतात, असे कंपनीच्या माहितीपत्रकात दिले आहे. व्ह्यूफाइंडर वापरला की बॅटरी वाचते, असे आमच्याकडे येणारे बहुतेक जण समजतात. जुन्या एसएलआरमध्ये ते खरे होते, कारण तिथे आरशातून थेट दिसत असे आणि नुसते पाहायला वीज लागत नसे. ए6400 सारख्या मिररलेस कॅमेऱ्यात आरसाच नसल्याने सेन्सर आणि एखादा पडदा सतत चालू असतो, आणि आपण काही न टिपता नुसते चित्ररथाची वाट पाहत उभे राहिलात तरी बॅटरी उतरतच असते. शिवाय हे 410 आणि 360 चे आकडे जपानमधील सीआयपीए या कॅमेरा उत्पादकांच्या संघटनेने ठरवलेल्या चाचणीचे आहेत. त्या चाचणीत तापमान 23 अंशांच्या आसपास ठेवतात, दर 30 सेकंदांनी एक छायाचित्र काढतात आणि दर दहा छायाचित्रांनंतर कॅमेरा बंद करून पुन्हा चालू करतात. फोंड्यात मार्च महिन्यात 23 अंश बहुधा बँकेच्या एटीएममध्येच मिळतील, आणि मिरवणुकीत दर दहा फोटोंनी कॅमेरा बंद करणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. चित्रफिती त्या आकड्यांत धरलेल्याच नाहीत. तेव्हा दोन बॅटऱ्यांत आपण जे काम उरकले, ते मेलेल्या बॅटऱ्यांचे काम नव्हे.

कॅमेरा देण्यापूर्वी आम्ही त्यातील एअरप्लेन मोड चालू करतो, पडद्याचा उजेड मध्यम ठेवतो, प्री-एएफ बंद करतो आणि एक मिनिट हात लागला नाही तर कॅमेरा आपोआप झोपेल अशी वेळ लावून देतो. परत आला तेव्हा उजेड ‘सनी वेदर’ या सर्वांत प्रखर पातळीवर होता, झोपण्याची वेळ 30 मिनिटांची झाली होती, प्री-एएफ चालू होते म्हणजे बटण न दाबताही लेन्स फोकस शोधत फिरत होती, आणि ब्लूटूथ आपल्या फोनशी जोडलेले होते. ‘तो सारखा झोपत होता म्हणून मी बदलले’ असे आपणच हसत म्हणालात. बदलण्याचा हक्क आपला होताच, पण मग त्याचा हिशेबही बॅटरीच्याच नावावर का मांडावा, हे मला समजले नाही. पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात आम्ही यूएसबीची केबल ठेवली होती. ‘यूएसबी पॉवर सप्लाय’ चालू ठेवून ती पॉवर बँकेला जोडली की हा कॅमेरा बाहेरच्या विजेवर चालतो आणि आतली बॅटरी बरीच वाचते. पॉवर बँक आपल्या हातात होती, आपण तिच्यावर फोन लावला होता. केबल मात्र मी बांधलेल्या रबरासकट तशीच परत आली.

तिसरी बॅटरी 150 रुपयांना देऊ केली होती, तीही आपण नको म्हणालात. असो.

बॅटरी एवढी लहान का, हेही आपण रागाने विचारले आहे. कॅमेरा लहान, म्हणून बॅटरी लहान. एनपी-एफडब्ल्यू50 ही 1020 मिलिअँपिअर तासांची बॅटरी 2010 च्या सोनीच्या नेक्स कॅमेऱ्यांबरोबर आली आणि पुढे अनेक छोट्या कॅमेऱ्यांत तीच राहिली. 2019 मध्ये ए6600 ला 2280 ची बॅटरी मिळाली, पण त्यासाठी कॅमेऱ्याची मूठ जाड करावी लागली. आमच्याकडे तोही आहे. आपण दोन्ही हातांत घेऊन पाहिले आणि ‘हा हलका बरा’ म्हणून ए6400 निवडला.

एक गोष्ट मात्र मला मान्य केली पाहिजे. आपला अभिप्राय वाचल्यावर मी दोन्ही बॅटऱ्या पुन्हा भरून तपासल्या, तेव्हा त्यांतील एक दुसरीपेक्षा स्पष्टपणे लवकर उतरली. ती तीन वर्षांहून जुनी आहे आणि तिला भाड्यावरून याआधीच काढायला हवे होते. दुकानातल्या मुलाने ‘दिवसभर पुरेल’ असे सांगितले, तेही त्याने सांगायला नको होते. आपण हीच बॅटरी दुपारभर स्कूटरच्या डिकीत ठेवल्याचे सांगितलेत. उन्हात तापल्याने बॅटरीचे आयुष्य घटते हे खरे, पण त्या एका दुपारमुळे ती आठ वाजता संपली असे मी म्हणणार नाही. ती जुनी होती. यापुढे प्रत्येक बॅटरीवर खरेदीचा महिना लिहिलेली पट्टी लावू आणि कॅमेरा देताना या सेटिंगांविषयी दोन शब्द सांगत जाऊ. कागदावर छापून देण्याचाही विचार आहे, बघू कसे जमते ते.

त्या दिवसाचे निम्मे भाडे, म्हणजे 600 रुपये, मी परत करीत आहे. ते कोणत्या क्रमांकावर पाठवायचे हे दुकानाच्या फोनवर कळवावे. तारा एकच राहिला तरी माझी हरकत नाही. ‘तासाभरात’ एवढा शब्द बदलता आला तर पाहावे.