संहिता शेवटी येते तेव्हा

नाटकांच्या पूर्वपरीक्षणाचा, म्हणजे प्रयोगाआधी संहिता तपासून मंजूर करण्याचा, वाद आपल्याकडे पेटतो तो एखादं नाटक अडलं की. 1972 साली विजय तेंडुलकरांच्या ‘सखाराम बाइंडर’मध्ये संहिता तपासणाऱ्या सरकारी परिनिरीक्षण मंडळानं काटछाट सुचवली, दिग्दर्शक कमलाकर सारंग उच्च न्यायालयात गेले आणि जिंकले. ही हकीकत आजही अभिमानानं सांगितली जाते, आणि सांगावीच. 2016 मध्ये अमोल पालेकरांनी या पद्धतीलाच न्यायालयात आव्हान दिलं. फेब्रुवारी 2024 मध्ये पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात विद्यार्थ्यांचा प्रयोग मध्येच बंद पाडला गेला. विद्यार्थ्यांना आणि विभागप्रमुखांना अटक झाली. इंग्लंडमध्ये बसून त्या बातम्या वाचताना माझी झोप उडाली होती. दर वेळी चर्चा मात्र एकाच खुंटीभोवती फिरते: अमुक संवादानं भावना दुखावल्या की नाही. इथं विद्यार्थ्यांनी मिळून घडवलेल्या एका नाटकात काम केल्यापासून मला ठामपणे वाटतं, की जे नाटक कधी जन्मालाच आलं नाही, त्याचा हिशेब आपण धरतच नाही.

आमच्या हातात संहिता नव्हती. कुणी परत न्यायला न आलेल्या काही हरवलेल्या वस्तू होत्या: एक श्रवणयंत्र, लहान मुलाचा एकच बूट, किल्ल्यांचा जुडगा. एकेक वस्तू उचलायची, तिचा मालक होऊन खुर्चीत बसायचं, बाकीच्यांनी प्रश्नांचा भडिमार करायचा. मला किल्ल्या मिळाल्या. “यातली कुठली किल्ली आता कुठलंच दार उघडत नाही?” एका मुलीनं विचारलं आणि मी मराठीतच बोलायला लागले. विकलेल्या घराचं मागचं दार, माळा, कपाट, एकेक किल्ली हातात धरून. समोरच्या कुणालाही मराठीचा एक शब्द कळत नव्हता, तरी कुणी थांबवलं नाही. दिग्दर्शन बघणारी मुलगी एवढंच म्हणाली, “भाषांतर करू नकोस. फक्त प्रत्येक किल्ली वर धर आणि कुणाला तरी दाखव.” त्या एका सूचनेवर अख्खा प्रवेश उभा राहिला.

पुढं एका प्रयोगाला मागच्या रांगेतून “अगं बाई!” असा उद्गार आला. प्रेक्षागृहात मराठी कळणारं कुणीतरी होतं. मी वळले आणि पुढचं सगळं त्या बाईंनाच सांगितलं, किल्ली त्यांच्याच दिशेनं धरून. ते बोलणं आधी कुठल्याही कागदावर नव्हतं. या पद्धतीत कागद शेवटी येतो. तालमींच्या चित्रफिती बघून संवाद उतरवले जातात आणि प्रयोग सुरू झाल्यावरही ते बदलत राहतात.

हे महाराष्ट्रात कसं करायचं? तिथं संहिता आधी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे जाते, प्रमाणपत्र मिळतं, मग पडदा उघडतो. म्हणजे तालमीतून नाटक शोधू पाहणाऱ्या मुलांपुढं तीन वाटा उरतात: शोध अर्ध्यावर थांबवून शब्द गोठवायचे, दुसऱ्या कुणाची तयार संहिता घ्यायची, किंवा एक संहिता दाखवून दुसरंच सादर करायचं. विशीतल्या मुलांना या तिसऱ्या वाटेची सवय लागावी, हे मला फार लागतं.

इंग्लंडनेही हे भोगलंय. 1737 च्या कायद्यानंतर दोन शतकांहून अधिक काळ इथं नव्या नाटकाचा शब्द न् शब्द लॉर्ड चेंबरलेन या राजदरबारी अधिकाऱ्याच्या कचेरीतून मंजूर करून घ्यावा लागे. दिग्दर्शिका जोन लिटलवूड यांच्या ‘थिएटर वर्कशॉप’ या नाटकमंडळीत नट तालमीत आणि रंगमंचावरही संवाद फुलवत. मंजूर संहितेबाहेरचे शब्द बोलले म्हणून 1958 साली त्यांच्यावर खटला झाला आणि दंडही. 1968 च्या कायद्यानं ते पूर्वपरीक्षण गेलं. आज आमच्यासारखी मुलं निर्धास्तपणे उभी राहतात ती त्यामुळे. विद्यापीठ सुरक्षिततेचे फॉर्म भरून घेतं, दारावर प्रेक्षकांसाठी सूचना लावायला सांगतं, आणि ते मला मान्य आहे. तुम्ही काय बोलणार, हे कुणी विचारत नाही.

मंडळावर नाटकातलीच जाणती माणसं असतात, बहुतेक संहिता सहज मंजूर होतात, असं माझे तिकडचे मित्र म्हणतात. असेलही. पण मंजुरी एका दिवसात मिळाली तरी शब्द आधी ठरवावेच लागतात, माझी अडचण तिथं आहे. प्रमाणपत्रानं संरक्षण मिळतं हेही पटत नाही. ‘मी नथुराम गोडसे बोलतोय’ मंडळानं मंजूर केलेलं होतं, तरी 1998 मध्ये सरकारनं ते थांबवलं. त्या नाटकातला विचार मला पटत नाही, पण प्रमाणपत्र किती कामाला आलं, ते तिथं दिसलं.

आणि हे सगळं मी पोटतिडकीनं लिहितेय याचं कारण आपला प्रेक्षक. इथं आमचं नाटक बघायला आले ते बहुतेक मित्र आणि शिक्षक. सगळे शांत बसले, शेवटी टाळ्या वाजवल्या. पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात पुरुषोत्तम करंडक या महाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेला “आव्वाज कुणाचा” म्हणत जो कल्ला उसळतो, तो इथं नाही. तिथली वरची बाल्कनी नाटकाला उत्तर देते. प्रेक्षकाच्या एका उद्गारावर वळू शकणारं नाटक करायला यापेक्षा चांगली जागा मला तरी माहीत नाही.

म्हणून सुरुवात विद्यार्थ्यांपासून करा. महाविद्यालयीन स्पर्धांमधले आणि नाट्यविभागांमधले प्रयोग पूर्वपरीक्षणातून वगळा. कायदा मोडला असं कुणाला वाटलं, तर प्रयोग झाल्यावर न्यायालयाचं दार उघडं आहेच. तोपर्यंत नाटक पूर्ण होऊ द्या.