टूरवाले हेल्मेट घालत नाहीत म्हणे!

आमच्या फॅमिली ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरतोय, ‘टूर द फ्रान्सची ५ लपवलेली सत्यं’. (टूर म्हणजे दर जुलैतली फ्रान्सची मोठी, अनेक दिवस चालणारी सायकल शर्यत.) आधी सोडून दिलं, म्हटलं जुलै आला की येणारच असलं काहीतरी. पण माझा फोंड्याचा भाचा, मोलेहून अनमोड घाट चढायचं वेड लागलेला, तो परवा सरळ म्हणाला, ‘मामा, टूरवाले पण नाही घालत, हेल्मेटने उलट डोकं तापतं.’ आणि पुरावा काय, तर हाच फॉरवर्ड. आता गप्प बसवत नाही.

तर आधी हेल्मेट. फॉरवर्डमध्ये फोटो लावलाय इटलीच्या सायकलपटू मार्को पांतानीचा, डोक्याला रुमाल बांधून घाट चढतानाचा. अरे, पांतानीने टूर जिंकली १९९८ ला! तेव्हा सक्तीच नव्हती. १९९१ ला सायकलिंगची जागतिक संघटना यूसीआयने सक्ती करून बघितली, तर पॅरिस-नीस रेसमध्ये रायडरच संपावर गेले, गरम होतं म्हणून, आणि यूसीआयने माघार घेतली. मग १९९५ च्या टूरमध्ये फाबियो कासार्तेल्ली, बार्सिलोना ऑलिंपिकचा गोल्ड मेडलिस्ट, वय २४, पोर्ते द’आस्पे घाटाचा उतार उतरताना पडला, डोकं रस्त्याकडेच्या सिमेंटच्या ठोकळ्यावर आपटलं आणि गेला. हेल्मेट नव्हतं. असतं तर वाचला असता का यावर वाद झाला, तो सोडा. २००३ च्या मार्चमध्ये पॅरिस-नीसमध्येच आंद्रेई किविलेव हा रायडर पडला, डोक्याला मार, दुसऱ्या दिवशी गेला, त्यालाही हेल्मेट नव्हतं. त्यानंतर मात्र यूसीआयने कुणाचं ऐकलं नाही, त्याच वर्षीच्या मेपासून सक्ती. सुरुवातीला शेवटच्या मोठ्या चढावर काढायची सूट होती (फॉरवर्डवाल्याला दिलेलं अर्धं सत्य, घे बाबा), पण थोड्याच वर्षांत तीही गेली. यूसीआयचं नियमपुस्तक नेटवर फुकट मिळतं, पहिल्या भागातलं उपकरणांचं प्रकरण उघडा, संपला विषय.

आणि डोकं तापतं म्हणे. तापतं की, आपल्या दमट हवेत चढावर घाम डोळ्यात उतरतो, मान्य. पण भाच्या, तू अनमोड चढून तिथेच राहत नाहीस ना रे, उतरतोस पण! पावसात, वळणावर, समोरून बेळगावचा ट्रक. कासार्तेल्लीसुद्धा उतारावरच पडला होता.

‘सगळे डोपिंग करतात.’ इथे मला फार तोंड वर करून बोलता येत नाही. अमेरिकेच्या लान्स आर्मस्ट्राँगची टूरची सातही विजेतेपदं २०१२ ला काढून घेतली, १९९९ ते २००५ विजेत्याची जागा आजही रिकामी आहे. आणि ज्या पांतानीचा फोटो तुम्ही आदर्श म्हणून लावलाय, त्याच्या १९९८ च्या सँपलमध्ये ईपीओ (रक्तातल्या लाल पेशी वाढवणारं बंदी असलेलं औषध) होतं असं २०१३ ला फ्रेंच सिनेटच्या रिपोर्टमध्ये आलं. पण काही जण सापडले म्हणून ‘सगळे’ कसे होतात?

‘सायकलीत मोटर लपवलेली असते.’ हे तर सोडाच. २०१६ ला बेल्जियमच्या एका तरुण रायडरच्या सायकलीत मोटर सापडली, सहा वर्षांची बंदी लागली, पण ती सायक्लोक्रॉसची, म्हणजे चिखल-माळावरच्या सायकल शर्यतीची, वर्ल्ड चॅम्पियनशिप होती, टूर नव्हे. टूरमध्ये सायकली एक्स-रेखाली जातात.

‘जिंकतो एकटा, बाकीची टीम फुकट पगार खाते.’ हे गोव्यात बसून लिहिलंय? गोलकीपर गोल मारत नाही म्हणून तो फुकटा का? २०२२ च्या टूरची ग्रानों घाटावर संपलेली स्टेज (म्हणजे एका दिवसाची शर्यत) बघा. त्याआधीच्या गालिबिए घाटावर आधी रोग्लिच सुटतो, मग त्याच्याच टीमचा विंगेगार्ड, परत रोग्लिच, आणि दुसऱ्या टीमचा, आघाडीवर असलेला पोगाचार प्रत्येकाच्या मागे एकटा धावतोय, त्याचे साथीदार मागे राहिलेले. ग्रानोंवर पोगाचार संपला, विंगेगार्डपुढे जवळजवळ तीन मिनिटं गमावली, आघाडीची पिवळी जर्सी गेली. रोग्लिच स्वतः त्या दिवशी कितीतरी मागे पोचला, त्याचं काम झालं होतं. म्हणूनच तर विजेता बक्षिसाची रक्कम टीममध्ये वाटतो, ती रीतच आहे.

राहिलं ‘रोज पहिला येतो त्याला पिवळी जर्सी’. नाही हो. सगळ्या दिवसांचा मिळून ज्याचा वेळ सगळ्यात कमी, त्याला. अमेरिकेच्या ग्रेग लेमाँडने १९९० ची टूर एकही स्टेज न जिंकता घेतली. हे ज्याला माहीत नाही तो म्हणे ‘लपवलेली सत्यं’ सांगतोय.